मशीन हातात कधी मिळणार? टूलरूममधील एका शिकाऊ उमेदवाराला उत्तर

पत्र : मी शिरोळ तालुक्यातला आहे. आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड पूर्ण केला आणि गेले चार महिने भोसरीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे डाय (साचे) आणि हत्यारे बनवणाऱ्या कार्यशाळेत, एक वर्षाच्या करारावर शिकाऊ उमेदवार म्हणून काम करतो आहे. पहिले दोन महिने कानस, मार्किंग आणि बर (धातूच्या कडेला राहिलेली बारीक धार) काढणे यांतच गेले. त्यानंतर तपासणीच्या टेबलावर ठेवले आणि आता सरफेस ग्राइंडरवर (फिरत्या चाकाने पृष्ठ घासून सपाट करणाऱ्या मशीनवर) एका ज्येष्ठ कारागिरांच्या हाताखाली दिले आहे. माझ्याबरोबर शिकलेला मित्र चाकणला व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन) ऑपरेटर आहे. त्याला माझ्या विद्यावेतनाच्या जवळजवळ दुप्पट पगार मिळतो. दोन वर्षे शिकून पुन्हा कानसच घासायची होती का, असे घरचे विचारतात. गेल्या महिन्यात मी एक ठोकळा ६० मिमी उंचीला ग्राइंड केला. मशीनजवळ मोजला तेव्हा तो बरोबर होता, पण दुपारी तपासणीत १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी भरला आणि सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. माल पाठवण्याची घाई असली की आठ-आठ दिवस फक्त बर काढायचे काम असते आणि संध्याकाळी दोन तास जादा थांबावे लागते. हे सोडून मित्राकडे जावे का? राहायचे ठरवले, तर स्वतःचा मायक्रोमीटर विकत घ्यावा का?

उत्तर :

सोडून जावे का, हे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. त्याचे निम्मे उत्तर मधल्या त्या ६० मिमीच्या ठोकळ्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मशीनजवळ माप बरोबर होते आणि काही तासांनी ते १५ मायक्रॉनने कमी भरले, हे वाचल्यावर ग्राइंडिंग करणाऱ्या कोणत्याही जुन्या कारागिराला पहिला संशय उष्णतेचा येईल. पोलादाची एक मीटर लांबी एक अंश सेल्सिअसने तापली की साधारण साडेअकरा मायक्रॉनने वाढते. त्या हिशेबाने ६० मिमी उंचीचा ठोकळा वीस अंशांनी तापलेला असेल, तर तो सुमारे १४ मायक्रॉनने उंच झालेला असतो. टूलरूममध्ये बरेचदा कूलंट न लावता कोरडे ग्राइंडिंग होते, आणि तसे करताना ठोकळा इतका तापणे मुळीच अवघड नाही. तुम्ही त्या तापलेल्या ठोकळ्याचे माप ड्रॉइंगप्रमाणे आणून ठेवले आणि तो निवल्यावर आपल्या खऱ्या मापावर गेला. तुमचे वाचन बहुधा अचूकच होते; चुकली ती मोजण्याची वेळ.

ही शक्यता पडताळून पाहता येते, आणि तो ठोकळा अजून भंगारात गेला नसेल तर जरूर पाहा. त्याची उंची चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी मोजा. सगळीकडे सारखीच कमी भरली, तर कारण उष्णतेचे किंवा मायक्रोमीटरच्या शून्याचे आहे. एका कोपऱ्यावर जास्त आणि समोरच्या कोपऱ्यावर कमी भरली, तर मॅग्नेटिक चकवर (जॉब चुंबकाने धरून ठेवणाऱ्या भागावर) ठोकळा नीट बसला नव्हता, म्हणजे खाली बर, कण किंवा ग्राइंडिंगचा चिखल अडकला होता. पहिल्या दोन महिन्यांत तुमच्याकडून एवढे बर काढून घेतले, त्याचे एक कारण हेच आहे. डोळ्याला न दिसणारी बर नखाला लागते, आणि ती राहिलेला ठोकळा चकवर पाच-सात मायक्रॉनने कललेला बसतो.

पुढच्या वेळी अंतिम मापापेक्षा २० ते ३० मायक्रॉन जास्त ठेवून थांबा. ठोकळ्यातले चुंबकत्व काढा, तो पुसा आणि सरफेस प्लेटवर ठेवा. शेजारी त्याच मापाचे स्लिप गेज (नेमक्या मापाचा प्रमाण ठोकळा) ठेवा. दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या आणि मग डायलने फरक पाहा. जगभर लांबीची मापे २० अंश सेल्सिअसला खरी धरतात. हा आंतरराष्ट्रीय संकेत १९३१ मध्ये ठरला. आपल्याकडच्या शेडमध्ये उन्हाळ्यात वीस अंश मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण ठोकळा आणि गेज दोन्ही पोलादाची असतील आणि सारख्याच तापमानाला असतील, तर दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात वाढलेली असतात आणि तुलना खरी ठरते. ॲल्युमिनिअमच्या भागाला हा हिशेब लागू होत नाही, कारण ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. मायक्रोमीटरसुद्धा बराच वेळ मुठीत धरला की त्याची चौकट तापते, आणि चौकटीवर प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्या याच कारणासाठी. शेवटचे काही मायक्रॉन अगदी हलक्या फीडने काढा आणि चाकाला नवा फीड न देता ठिणग्या थांबेपर्यंत टेबल चालू द्या.

हे इतके सविस्तर सांगितले, कारण नेमकी हीच विद्या शिकण्यासाठी तुम्ही त्या टूलरूममध्ये आहात. ड्रॉइंगवरचे माप गाठणे मशीनला जमते. गाठलेले माप खरे आहे की नाही हे सांगणे माणसाला शिकावे लागते, आणि अचूक यंत्रकामात कारागिराची किंमत त्यावरच ठरते. १०० मिमी व्यासाच्या भोकाला एच ७ दर्जाचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिला असेल, तर कारागिराच्या हातात एकूण ३५ मायक्रॉन असतात. त्यातले अकरा-बारा मायक्रॉन दहा अंशांच्या तापमानवाढीने खाल्ले, थोडे मायक्रोमीटर जास्त आवळल्याने गेले आणि थोडे शून्य न तपासल्याने गेले, तर मशीन कितीही महागडे असले तरी जॉब रिजेक्ट होतो. तपासणीच्या टेबलावर काढलेल्या दिवसांना तुम्ही कदाचित ‘मशीन मिळाले नाही ते दिवस’ समजत असाल. माझ्या मते तुमच्या चार महिन्यांतला तोच भाग सर्वांत मोलाचा आहे.

आता कानशीविषयी. घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. हाताने एक पृष्ठ सपाट करायला आणि दुसरे त्याला काटकोनात आणायला शिकलेला मुलगा पुढे मशीनवर गेल्यावर जॉब पकडतो तो वेगळ्या समजुतीने. कोणत्या पृष्ठावर भरवसा ठेवायचा, आधी कोणती बाजू करायची, व्हाइस आवळल्यावर पातळ भाग कसा वाकतो आणि सोडल्यावर कसा परत येतो, हे त्याच्या हाताने अनुभवलेले असते. यंत्रयुगाचा पायाही हातकामावरच उभा आहे. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या ग्लासगो येथील अधिवेशनात खरे सपाट पृष्ठ कसे तयार करायचे, यावर निबंध वाचला होता. तीन प्लेटी घ्यायच्या, एकीला रंग लावून ती दुसरीवर टेकवायची, जिथे रंग उमटेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, आणि हेच तिन्ही जोड्यांमध्ये आळीपाळीने करत राहायचे. दोनच प्लेटी घेतल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या एकमेकींवर चपखल बसू शकतात. तिसरी आली की ही फसवणूक उघडी पडते आणि शेवटी तिन्ही सपाटच व्हाव्या लागतात. कोणतेही सपाट यंत्र हाताशी नसताना सपाटपणा निर्माण करण्याची ही रीत आहे. जुन्या मशीनच्या गाइडवे दुरुस्त करणारे कारागीर आजही रंग लावून खरवडण्याचे काम करतात. तुमच्या टूलरूममध्ये असे कोणी असतील, तर जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटे त्यांच्या शेजारी उभे राहून काढा.

मित्राच्या कामाबद्दल मी कमीपणाने काही लिहिणार नाही. व्हीएमसीवर जॉब लावणे, सायकल सुरू करणे, गेजने तपासणे, इन्सर्ट (कापणारी पाती) बदलणे आणि पूर्ण शिफ्टभर दर्जा टिकवणे हे मेहनतीचे आणि जबाबदारीचे काम आहे. फरक पडतो तो माप सरकू लागल्यावर. अशा वेळी ऑपरेटर सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराला) हाक मारतो. सेटर इन्सर्टची धार पाहतो, फिक्स्चरमध्ये (जॉब पकडणाऱ्या साधनात) चिप अडकली आहे का ते तपासतो, जॉब गरम असताना मोजला का असे विचारतो आणि मग ऑफसेटमध्ये (मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत) किती मायक्रॉन टाकायचे ते ठरवतो. तुम्ही आज जे शिकता आहात ते या दुसऱ्या माणसाचे काम आहे. ऑपरेटर राहून सेटर होणारेही पुष्कळ आहेत, परंतु त्यांना ते बहुतेक वेळा उत्पादनाच्या गडबडीत, कोणी सवडीने शिकवत नसताना, स्वतःच्या जिद्दीवर शिकावे लागते.

याचा अर्थ कोणत्याही टूलरूममध्ये निमूटपणे वर्ष काढावे, असा नाही. शिकाऊ उमेदवाराच्या नावाखाली स्वस्त मजूर वापरणारी ठिकाणे आहेत, आणि अशा ठिकाणी काढलेले वर्ष परत मिळत नाही. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी स्वतःला काही प्रश्न विचारा. तुमचे वाचन दुसरे कोणी पुन्हा घेऊन पाहते का, आणि फरक आला तर का आला ते सांगते का? चार महिन्यांपूर्वी तुमच्या हाती दिलेल्या कामाचा टॉलरन्स आणि आजचा टॉलरन्स यांत फरक पडला आहे का? एका कामावरून दुसऱ्यावर तुम्हाला कोणी विचारपूर्वक हलवते का? तुमच्या पत्रावरून पाहता कानशीवरून तपासणीवर आणि तिथून ग्राइंडरवर हा क्रम योग्य आहे. चौथ्या महिन्यात ६० मिमीचा ठोकळा अंतिम मापाला आणण्यासाठी तुमच्या हाती दिला गेला, यावरून त्या ज्येष्ठ कारागिरांचा तुमच्यावर विश्वास बसू लागला आहे, असे मला वाटते. त्यांनी सर्वांसमोर बोलणे बरोबर नव्हते. तरीही त्यांच्याकडे जा आणि ठोकळा तापलेला असताना मोजला होता का, हा प्रश्न त्यांच्यापुढे शांतपणे मांडा. त्या संभाषणातून ते शिकवणारे गृहस्थ आहेत की नाहीत, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. यापुढे एखादे माप चुकल्याचे लक्षात आले, तर त्याच क्षणी सांगा. चुकलेला ठोकळा वेळीच कळला तर एक तुकडा आणि काही तास जातात. तोच लपून डायमध्ये बसला तर संपूर्ण डाय खोलावी लागते, आणि लपवणाऱ्याच्या हाती पुन्हा कोणी अंतिम मापाचे काम देत नाही.

संध्याकाळच्या दोन तासांबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे : हे चालणार नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ प्रमाणे तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात, कामगार नव्हे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय तुम्हाला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही, आणि ते जादा काम प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचे आहे अशी खात्री पटल्याखेरीज सल्लागाराने मंजुरी द्यायची नसते. माल वेळेत पाठवायचा आहे, हे कारण त्यात बसत नाही. त्याच कायद्याने मालकावर तुम्हाला करारातल्या ट्रेडचे प्रशिक्षण देण्याची, त्यासाठी पात्र व्यक्ती नेमण्याची आणि तुमच्या प्रगतीची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. आठ-आठ दिवस नुसती बर काढण्यात गेले, तर त्या दिवसांच्या नोंदीत काय लिहिले जाते, ते विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

हा अधिकार वापरताना सुरुवात भांडणाने करू नका. दोनशे पानी वही घ्या आणि रोजचे काम लिहा : कोणता जॉब, कोणते मशीन, टॉलरन्स किती, तुमचे वाचन किती, तपासणीतले वाचन किती, आणि फरक असल्यास त्याचे कारण काय निघाले. थांबलेल्या वेळेचीही त्यात नोंद असू द्या. पंधरा दिवसांनी ही वही घेऊन प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या सुपरवायझरांकडे जा. उरलेल्या आठ महिन्यांत ग्राइंडिंगनंतर मिलिंग, जिग आणि फिक्स्चरची जुळणी, आणि शेवटचे दोन-तीन महिने सीएनसीवर सेटरबरोबर, असा क्रम मिळेल का, अशी नम्रपणे विनंती करा. संध्याकाळी थांबणे शक्य नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. ज्या मुलाने आपल्या प्रत्येक मापाचा हिशेब ठेवला आहे, त्याची मागणी उडवून लावणे कोणत्याही सुपरवायझराला सोपे जात नाही. महिनाभरात काहीच बदलले नाही, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात लेखी अर्ज करा. ते कार्यालय कोणते, हे तुमच्या आयटीआयमध्ये सांगतील. करार मोडायची वेळ आलीच, तरी कामावर जाणे नुसते बंद करू नका. करार संपुष्टात आणण्यासाठी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो, आणि उमेदवाराच्या कसुरीमुळे करार मोडला असे ठरले तर प्रशिक्षणाचा खर्च भरून देण्याची पाळी येऊ शकते. याउलट कसूर मालकाची ठरली, तर भरपाई मालकाने द्यायची असते.

पैशांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला ‘पुढे फायदा होईल’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. घरात औषधपाणी, कर्जाचा हप्ता किंवा बहीण-भावाची फी तुमच्या कमाईवर अडून असेल, तर वरील रीतीने करार मोकळा करून मित्राकडे जाण्यात काहीही चूक नाही. तिथेही वही आणि मोजमापाची शिस्त तुमच्याबरोबर येईल. तशी निकड नसेल, तर उरलेल्या आठ महिन्यांत दोघांच्या मिळकतीत पडणारा एकूण फरक कागदावर मांडा आणि तो घरच्यांना दाखवा. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून वाटते त्यापेक्षा प्रत्यक्ष रक्कम पाहून निर्णय घेणे त्यांनाही सोपे जाईल. मित्राची नोकरी कंपनीची आहे की कंत्राटदाराकडची, आणि त्याच्या पगारात ओव्हरटाइम किती आहे, हेही त्याला मोकळेपणाने विचारा. तुमचे वर्ष पूर्ण झाल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देता येते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. मधेच सोडले तर ते हुकते. वर्ष संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल असे मात्र गृहीत धरू नका. २०१४ च्या दुरुस्तीनंतर शिकाऊ उमेदवारांना नोकरीत घेण्याचे धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवायचे असते. तुमच्या टूलरूमचे धोरण काय आहे आणि गेल्या वर्षीच्या मुलांपैकी किती जणांना ठेवून घेतले, हे आताच विचारून घ्या. पुढे याच क्षेत्रात शिकण्याची इच्छा असेल, तर छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था टूल अँड डाय मेकिंगचे अभ्यासक्रम चालवते. तिथल्या प्रवेशाच्या अटी आणि वयोमर्यादा वर्ष संपण्याच्या आधीच पाहून ठेवा.

तुम्ही विचारले नाही, तरी सरफेस ग्राइंडरवर उभे राहता म्हणून थोडे लिहितो. नवीन चाक चढवण्यापूर्वी ते लटकते धरून लाकडी मुठीने हलके ठोकून पाहा. सिरॅमिक बंधाचे चांगले चाक खणखणीत वाजते. आवाज बद्द आला तर तडा असू शकतो, ते चाक चढवू देऊ नका. चाक सुरू करताना त्याच्या रेषेत समोर उभे राहू नका, बाजूला राहा, गार्ड बंद असू द्या आणि ते किमान एक मिनिट रिकामे फिरू द्या. प्रत्येक वेळी टेबल हलवण्याआधी चकचे मॅग्नेट चालू आहे ना, हे जॉब हाताने ढकलून पाहा, आणि पायापेक्षा उंच असलेल्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी आधाराचे तुकडे लावा. फिरत्या चाकाशेजारी किंवा लेथच्या फिरत्या चकाजवळ हातमोजे घालू नका, मग शेजारचा जुना कारागीर घालत असला तरी.

मायक्रोमीटरबद्दल : इतक्यात घेऊ नका. टूलरूममधल्या उपकरणांचे ठरावीक काळाने कॅलिब्रेशन होते. तुमच्या खिशातल्या उपकरणाचे ते होणार नाही, आणि दोघांची वाचने जुळली नाहीत की वाद तुमच्या उपकरणावर येईल. सध्या १५० मिमीची चांगली स्टील रूल, एक लहान गुण्या, पुसण्यासाठी मऊ सुती कापड आणि ती वही एवढे पुरे. टूलरूमच्या मायक्रोमीटरने रोज एकच तुकडा, आधीचे वाचन न पाहता, दहा वेळा मोजा. रॅचेट (ठरावीक दाबापुरतेच आवळणारी मूठ) वापरा आणि सुरुवातीला शून्य तपासा. दहा वाचनांतील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनातला फरक वहीत मांडत जा. हा फरक सातत्याने दोन-तीन मायक्रॉनच्या आत येऊ लागला आणि प्रमाणपत्रही हाती आले, की मग ० ते २५ मिमीचा नामांकित कंपनीचा मायक्रोमीटर कॅलिब्रेशन प्रमाणपत्रासह घ्या.